येळवशीचे तीन तास

१

गोरोबा देवकते यांना यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब उमादेवी स्वामींनी, म्हणजे गावाच्या उमाक्कांनी, मनातल्या मनात दोनदा करून पाहिला. वहीवर सही केली तर दोन महिन्यांनी एक शाल, एक नारळ आणि ठरल्या तारखेला निवृत्ती. नाही केली तर निलंबन. यात अवघड असं काही नव्हतं. तरीही खुर्चीच्या कडेवर बसलेले गोरोबा, नागरवेस नगरपंचायतीच्या पंपहाऊसचे एकोणतीस वर्षांचे ऑपरेटर, वही पुढं सरकवत शांतपणे म्हणाले, “ही माझी न्हाय.”

मुख्याधिकारी सृष्टी मॅडमनी वही परत त्यांच्याकडं सरकवली. “काका, अक्षर तुमचं. खाली ‘गो. दे.’ तुमचं. मग वही कुणाची?”

“अक्षर माझ्यासारखं हाय.” गोरोबांनी वही नाकाजवळ नेली. “माझ्या वहीला ग्रीसचा वास येतो, मॅडम. आन खंडेनवमीला मी पंपाला, पान्याला आन वहीला हळदीकुंकू लावतो. पहिल्या पानावर डाग असतो. हिच्यात कुठंय?”

मॅडमनी पहिलं पान उघडलं. पान कोरं पांढरं होतं.

उद्या अकरा वाजता जिल्ह्याला सुनावणी होती. राज्याचा नवा कायदा सांगत होता, की ज्या गावाला स्वतःचं पाणी आणि स्वतःचे रस्त्यावरचे दिवे स्वतः चालवायचे आहेत, त्यानं गेल्या वर्षभराची पंपाची मूळ नोंदवही दाखवावी. ती विजेच्या मीटरशी जुळली पाहिजे आणि ‘हीच मूळ वही’ असं ऑपरेटरनं लिहून दिलं पाहिजे. नाही जमलं, तर टाकी, पंप, खांब सगळं विभागीय कंपनीच्या ताब्यात. बेचाळीस पानांचा तो कायदा गावात एकट्या उमाक्कांनी पूर्ण वाचला होता. तोही तीनदा. त्या पाणीपट्टीच्या लिपिक होत्या आणि छापील कागद अर्धवट सोडणं त्यांना जेवण अर्धवट टाकल्यासारखं वाटायचं. एकोणिसाव्या कलमाखाली तर त्यांनी पेन्सिलीनं रेघसुद्धा ओढली होती.

“तुमच्या वहीत असं काय होतं, की ती कुणी पळवावी?” मॅडमनी विचारलं.

गोरोबांनी टोपी सारखी केली. “त्ये मी तोंडानं सांगत न्हाय. शबूद दिलाय. वही घावली तर वही सांगंल.”

“काका, सही नसेल तर मला संध्याकाळी तुमचं निलंबन काढावं लागेल. आणि उद्या गावाचं पाणी जाईल.”

“व्हय,” गोरोबा म्हणाले. “पण खोट्यावर सही न्हाय करायचो मी.”

उमाक्कांनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा.

२

बनावट वही उमाक्कांनी आपल्या टेबलावर घेतली, आणि पहिल्या दहा पानांतच करणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात आदर उत्पन्न झाला. माणसानं मेहनत घेतली होती. दर दोन महिन्यांनी पेन बदललं होतं. जूनच्या पानांना ओल लावून वाळवलेलं होतं. ऑक्टोबरात चहाच्या कपाचं गोल वर्तुळ होतं, आणि तेही अर्धंच, म्हणजे कप कडेला ठेवल्यासारखं. नगरपंचायतीत इतकं मन लावून काम करणारं कोण आहे, हा प्रश्नच वहीच्या चोरीपेक्षा मोठा होता.

विजेच्या नव्या मीटरचा कागद त्यांनी शेजारी ठेवला. त्यावर रोजचे युनिट छापलेले असतात. पंप किती तास चालला ते त्यावरून कळतं. नागरवेसचे नऊ भाग. प्रत्येक भागाला चौथ्या दिवशी पाणी. कुठला भाग, किती वाजता, किती वेळ, एवढंच वहीत असतं. उमाक्कांनी पट्टी लावून एकेक ओळ जुळवली. एप्रिल जुळला. मे जुळला. अडीच वाजेपर्यंत डिसेंबर आला.

आणि एका ओळीवर पट्टी थांबली.

‘भाग ५. सकाळी सहा ते नऊ.’

मीटरवरही तीन तासच होते. जुळणीत खोट नव्हती. खोट तारखेत होती. ती येळवशीची अमावास्या होती.

येळवशीला या भागात कुणी घरी राहत नाही. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील घेऊन अख्खं घर शेतात. बाजार बंद, शाळा रिकाम्या, एसटीतसुद्धा ड्रायव्हर-कंडक्टरच. पाणी सोडून भरणार कोण? म्हणून त्या दिवशी पंप बंद, ही नगरपंचायत झाल्यापासूनची रीत. शिपायापासून नगराध्यक्षापर्यंत सगळ्यांना ठाऊक.

म्हणजे ही ओळ लिहिणाऱ्याला येळवस ठाऊक नव्हती.

नागरवेसमध्ये असा एकच माणूस होता. आठ महिन्यांपूर्वी नाशिककडून आलेला, पहिल्याच नेमणुकीवरचा, आणि मीटरचा कागद ज्याच्याकडं सगळ्यात आधी जातो असा.

उमाक्कांनी चष्मा पुसला आणि मॅडमच्या केबिनचं दार ढकललं.

३

“मला येळवस ठाऊक नाही?” मॅडमना आधी हसू आलं, मग ते ओसरलं. “उमाक्का, तुम्हाला वाटतं मी येळवस विसरेन? बसा. सांगते.”

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

“मला येऊन चारच महिने झाले होते. तुम्ही शेतात बोलावलंत. मी म्हणाले, सभापती अमरनाथ अण्णांकडं जाणार आहे. अण्णांनी बोलावलं. त्यांना म्हणाले, तुमच्याकडं जाणार आहे. खरं म्हणजे मला एक दिवस झोपायचं होतं. पण सवयीनं सहालाच जाग आली, नळ उघडला, कोरडा, नऊपर्यंत कोरडाच. खाली आले, हॉटेलं बंद. मेडिकलसुद्धा बंद. पाचव्या भागात, आमच्या त्या कॉलनीत, मी एकटी. दुपारी दोनपर्यंत एक बिस्किटाचा पुडा. एवढी भूक मला स्पर्धा परीक्षेच्या दिवसांतही लागली नव्हती.”

“मग?”

“मग चालत पंपहाऊसला गेले, निदान प्यायला पाणी मिळेल म्हणून. गोरोबाकाका तिथं होते. डब्यातली भज्जी, उंडे सगळं माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः आंबील पिऊन बसले. वर सांगितलं, हे कुणाला सांगू नका, गावाची अब्रू जाईल, साहेबीण उपाशी राहिली म्हणतील.”

उमाक्का जरा ओशाळल्या. अण्णांकडं असतील असं धरून त्यांनी चौकशीही केली नव्हती. अण्णांनी तिकडं तेच धरलं असणार.

पण ओशाळेपणा बाजूला ठेवून त्यांनी मनातल्या यादीतली दोन नावं खोडली. पाचव्या भागात त्या दिवशी थेंब आला नाही, हे मॅडमना पोटातून ठाऊक होतं. त्या ही ओळ लिहिणार नाहीत. आणि मॅडम गावात होत्या हे गोरोबांना ठाऊक होतं. तेही लिहिणार नाहीत.

मग दारात त्या थबकल्या. मॅडमनी त्यांच्या मनातलाच प्रश्न विचारला होता.

“उमाक्का, पाणी आलं नाही हे मी बघितलं. पण मी पंपहाऊसला पोचले तेव्हा पंप चालू होता, काकांनी तो माझ्यासमोर बंद केला. मग तीन तास पाणी गेलं कुठं?”

४

कंपनी आली तर सगळ्यात जास्त फायदा नंदीशचा. त्याचे चार टँकर होते. गावाची योजना ताब्यात घेतली की दुरुस्तीला सहा महिने लागणार, आणि ते सहा महिने नंदीश राजा. शिवाय गेल्या आठवड्यात तो पंपहाऊसवर दोनदा दिसला होता.

बसस्टँडमागं टँकरच्या सावलीत तो पेरू खात होता.

“या अक्का. चोर पकडायला निघालाव म्हणं. मी नाव सांगू का? माझंच सांगतो, तुमचा हेलपाटा वाचंल.”

“वहीत रोजचा हिशेब मीटरला जुळवलाय, नंदीश. तुला मीटरचा कागद बघायला मिळतो का?”

“मला माझ्या डिझेलचा कागद बघवना.” त्यानं पेरूची फोड पुढं केली. “तीन ठिकाणी जातो तो कागद. मॅडम, तुमी आन पाणीपुरवठा सभापती. आमाला कोण दावतंय?”

“येळवशीला कुठं होतास?”

“शेतात. सगळं गाव शेतात. अक्का, त्या दिवशी गावात कुत्रं नव्हतं. पाणी आलं काय, न्हाय आलं काय, बघाया कोण होतं?”

उमाक्कांच्या हातातली फोड तशीच राहिली.

इतका वेळ त्यांनी पट्टी उलटी धरली होती. ती ओळ येळवस न कळणाऱ्यानं लिहिलेली नव्हती. येळवस पक्की कळणाऱ्यानं लिहिलेली होती. इतर दिवशी चोरानं त्या त्या भागाची वेळ थोडी लांबवली की भागत होतं. पण येळवशीला वहीत एकही पाळी नव्हती आणि मीटर तीन तास दाखवत होता. ते तीन तास कुठंतरी टेकवायचे होते. त्यानं ओळीनं येणारा भाग लिहिला आणि निर्धास्त झाला. साक्षीदार कोण? सगळं गाव शेतात. एक साहेबीण होत्या, त्याही कुणाच्या ना कुणाच्या कोपीत जेवत असतील.

“तू चोर नाहीस,” त्या म्हणाल्या.

“लई उपकार झाले. पण खरंच कोण घावला तर त्याला इचारा, माझं खंडोबाच्या माळावरचं गिऱ्हाईक कुठं गेलं. चाळीस घरं. दर आठवड्याला दोन टँकर घ्यायचे. ऑगस्टपासून एक न्हाय. गेल्या आठवड्यात दोनदा पंपहाऊसवर जाऊन गोरोबाला इचारलं, त्यो काय बोलंना. शेरडं काय हवा पिऊन ऱ्हायलीत का?”

ऑगस्ट. उमाक्कांना आपल्या घरचं निळं पिंप आठवलं. पाणी यायच्या दिवशी ते काठोकाठ भरायचं. गेल्या ऑगस्टपासून वीतभर रिकामं राहत होतं. त्या पंप म्हातारा झाला म्हणत होत्या.

५

खंडोबाचा माळ नगरपंचायतीच्या हद्दीच्या दगडापासून दोनशे पावलांवर आहे. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या दगडापासून तीनशे. मधल्या जागेत धनगरांची चाळीस घरं, आणि दोन्हीकडच्या यादीत एकही नाही.

बानूबाई हौदाजवळ कोकरू धुवत होत्या. हौद भरलेला होता.

“बाई, हे पाणी कुणाचं?”

बानूबाईंनी त्यांना चप्पल ते चष्मा असं नीट पाहिलं. “हौदाचं.”

“हौदात कुठून येतं?”

“पायपातून.”

“मी गोरोबादादांची नोकरी वाचवायला आलेय. संध्याकाळी ती जाईल.”

कोकरू सुटून पळालं. बानूबाईंनी पळू दिलं.

“चौथ्या दिवशी येतो. वॉल खोलतो. तीन तास बसतो, वहीत लिवतो, बंद करतो, जातो. च्या बी घेत न्हाय. म्हणतो, च्या घेतला तर पाण्याला नाव लागंल. येळवशीला बी आलता. मी म्हणलं, आज तरी ऱ्हाऊ दे, देवकत्या. म्हणला, शेरडांना येळवस नसती.”

“कुणी सांगितलं त्यांना? मनानं तर खोलणार नाहीत ते.”

“त्ये मला ठावं न्हाय,” बानूबाई म्हणाल्या. “पर श्रावणात आमची दोन लेकरं जुलाबानं आजारी पडली, तवा मी रडत गावात गेलते. एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं समदं ऐकून घेतलं. आत गेला. चौथ्या रोजी पाणी आलं.”

“कुणाचं दुकान?”

“भुसाराचं. शेंगाची पोती होती दारात.”

६

अमरनाथ अण्णा उमरदंडांची भुसाराची आडत बाजारपेठेच्या तोंडाला होती. पाणीपुरवठा सभापती, एका मंगल कार्यालयाचे मालक, आणि येत्या निवडणुकीतले नक्की उमेदवार. मीटरचा तिसरा कागद त्यांच्याकडं जात होता. उमाक्का पायरी चढल्या तेव्हा पाच वाजत होते.

“कुंदर्री, बसा अक्का,” अण्णांनी गादीवर जागा केली. “चहा सांगू?”

“सांगा. पण कप वहीवर ठेवू नका.”

अण्णांचा हात हवेत राहिला.

“सुंदर काम केलंय, अण्णा. पेनं बदलली, ओल लावली. चहाचं वर्तुळ तर मला फारच आवडलं. किती दिवस बसला होता?”

“कशाबद्दल बोलताव?”

“येळवशीला तुम्ही पाचव्या भागाला पाणी दिलंत. तिथं मॅडम होत्या. दिवसभर उपाशी, कोरड्या नळाजवळ. तुम्हाला वाटलं माझ्या शेतात आहेत. मला वाटलं तुमच्या.”

अण्णांनी समोरच्या पोत्यातली एक शेंग उचलून फोडली.

“एकोणीस दिवस,” ते म्हणाले. “पाठीचा काटा गेला. कारकुनाला देता येईना, मुलाला देता येईना.”

“मंगल कार्यालयाला पाणी नेलं असतंत तर लपवणं मला समजलं असतं. माळावर दिलं ते का लपवायचं?”

“का?” अण्णा पुढं वाकले. “अक्का, आपल्या गावाला चौथ्या दिवशी पाणी. बायका पहाटे उठून नळाला बसतात. त्यांना मी काय सांगू? तुमची वीस-वीस मिनिटं कापून हद्दीबाहेरच्या शेरडांना पाजली? माळावर आपलं एक मत न्हाय. गावात सहा हजार. गोरोबाला म्हणलं, कुणाला सांगू नको. त्यानं सांगितलं न्हाय. पण प्रत्येक पाळीपुढं शेऱ्यात लिहून ठेवलं, ‘सभापतींच्या तोंडी हुकमावरून’. एकसष्ट वेळा माझं नाव.”

“त्यांनी तोंडाचा शब्द दिला होता. हाताचा नव्हता दिला.”

“मला वाटलं, वही बदलली की माझं नाव जाईल, त्याचीबी भानगड मिटंल. सही करून मोकळा हो म्हणलं त्याला. तर हा हटून बसला.”

“अण्णा, कायद्याचं एकोणिसावं कलम वाचलंत?”

“कोण वाचतंय?”

“हद्दीबाहेर दिलेलं पाणी ज्याच्या हुकमावरून दिलं त्याच्या जबाबदारीचं. हुकूम नोंदलेला नसेल तर वॉल खोलणाऱ्याच्या. तुमच्या वहीत हुकूमच नाही. माळावरचा पाइप उद्या कुणी दाखवला, तर गोरोबादादा एकटे अडकतात. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग. मूळ वहीत सलग सहा महिने नोंद असेल, तर ते पाणी तोडता येत नाही. ऑगस्ट ते मार्च, आठ महिने झाले. त्या वहीत चाळीस घरांचा नळ आहे, अण्णा. तुम्ही तो कपाटात घातलाय.”

बाहेर हमाल पोती मोजत होता. अण्णांनी त्याला हातानंच जायला सांगितलं.

“जाळली म्हणून सांगितलं तर?”

“हळदीकुंकू लागलेली वही तुम्ही जाळणार नाही. तुमच्या वडिलांच्या वह्या अजून तुमच्याकडं आहेत.”

अण्णा उठले. देव्हाऱ्याखालच्या फळीवर लाल फडक्यात जुन्या खतावण्यांची चळत होती. वरून तिसरी काढून त्यांनी उमाक्कांच्या हातात दिली. पहिल्या पानावर पिवळा-तांबडा डाग होता, आणि वहीला ग्रीसचा वास येत होता.

“मला एकच सांगा,” अण्णा म्हणाले. “उद्या ती एकसष्ट नावं मोठ्यानं वाचणार का?”

“वाचावी लागतील.”

“मग मीबी येतो. माघारी वाचलेलं बरं न्हाय.”

७

सुनावणी दीड तास चालली. गोरोबांनी वही हुंगली, मग सही केली. शेरे वाचायला लागल्यावर अण्णा उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते. वही बदलल्याचं त्यांनी न विचारता सांगितलं, सभापतिपदाचा राजीनामा खिशातून काढून ठेवला, आणि बनावट वहीही पुढं केली. अधिकाऱ्यांनी ती चाळली. चहाच्या वर्तुळापाशी ते थोडे रेंगाळले.

आता जमाखर्च. योजना गावाकडं राहिली. खंडोबाच्या माळाला सहा तोट्यांचा नळ मंजूर झाला, आणि गोरोबांनी तिथं पहिल्यांदा चहा घेतला. त्यांना शाल आणि नारळ ठरल्या तारखेला मिळाला. नंदीशचं गिऱ्हाईक कायमचं गेलं, त्याबद्दल तो उमाक्कांना भेटेल तिथं ऐकवतो. मॅडमना येत्या येळवशीची अकरा आमंत्रणं आत्ताच आली आहेत, आणि प्रत्येकजण येऊन घेऊन जाणार आहे, कारण आता कुणाचा कुणावर भरवसा नाही. अण्णांचं पद गेलं, वही बदलल्याची चौकशी लागली. दोन दिवस गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आडतीच्या पायरीवर बसल्या. अण्णांनी दार बंद केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यातली एक म्हणाली, “सांगून घेतलं असतं तर दिलं नसतं का?” आणि बायका उठून गेल्या. निवडणुकीचं अजून काही सांगता येत नाही.

राहिला खर्चाचा मोठा आकडा, एकशे त्र्याऐंशी तास. येळवशीचे तीन कुणाचेच नव्हते. उरलेले एकशे ऐंशी नऊ भागांनी दर पाळीला वीस-वीस मिनिटं देऊन भरले होते. आठ महिन्यांत त्याची एकही तक्रार पाणीपट्टीच्या खिडकीवर आली नव्हती. ती खिडकी उमाक्कांचीच.

त्यांच्या सातव्या भागाला पाणी आलं त्या दिवशी त्यांनी पिंप भरलं. पाणी गेलं तेव्हा वरची वीत रिकामी होती. उमाक्कांनी हात उभा धरून ती मोजली, आणि झाकण लावलं.